हौसा लेपकरणीची कोरी कातडी

ही गोष्ट मला सांगायची नव्हती. जिच्याकडून ऐकली तिने ती संपवल्यावर ओठांवर बोट ठेवलं होतं आणि म्हटलं होतं, "आपल्यातच ठेव हं." मी मान हलवली होती. मान हलवणं सोपं असतं, पोटात ठेवणं अवघड जातं. तेव्हा हळू आवाजात सांगते.

एका राज्यात एक विचित्र कायदा होता. ज्याच्या मुखावर डाग, त्याला गादी नाही. कायदा कोणी केला हे कोणाला आठवत नव्हतं, पण पाळत सगळे होते. वर्षातून एकदा, भर वैशाखात, मुखदर्शनाचा दिवस येई. राजवाड्याच्या सज्जात गादी मांडत, तिच्यापुढे रेशमी पडदा सोडत. नगारा तीनदा वाजे. तिसऱ्या ठोक्याला पडदा वर जाई, आणि भालदार खड्या आवाजात विचारी, "निर्मळ मुख कोणाचं?" खाली जमलेले लोक ओरडत, "राणीसाहेबांचं!" मग लोक घरी जाऊन गोड खात आणि वर्षभर निर्धास्त राहत.

आता माणसाला कातडी असते, आणि कातडीवर काही ना काही येतच असतं. उन्हाने ठिपके येतात. बाळंतपणात गालावर वांग येतो. वय झालं की मानेवर चामखिळी लोंबतात. तीळ तर कधी आला ते कळतही नाही. राजघराण्यालाही कातडीच होती. म्हणून राजवाड्यात एक लेपकरीण होती, आणि लेपकरणीजवळ एक दगडी वाटी होती.

लेपकरणीचं नाव हौसा. वय शेहेचाळीस. सोळाव्या वर्षी तिच्या आईने वाटी तिच्या हाती दिली, तेव्हापासून तीस वर्षं ती रोज पहाटे उठत होती. मसुराचं पीठ चाळायची, सहाणेवर चंदन उगाळायची, साय फेटायची आणि सगळं त्या वाटीत कालवायची. मग लेपकरणींच्या रीतीप्रमाणे बोटभर लेप आधी स्वतःच्या मनगटाला लावून बघायची. झोंबत नाही अशी खात्री झाली की मगच अनामिकेने राणीच्या मुखावर लावायची. बघता बघता राणीचा डाग नाहीसा होई. आणि तोच डाग, तसाच्या तसा, हौसाच्या अंगावर कुठेतरी उमटे.

याचं कोणाला काही वाटत नव्हतं. "लेपकरणींची कातडीच तशी," लोक म्हणत. हौसाच्या कपाळावर आधीच्या महाराजांची चामखीळ होती. हनुवटीवर थोरल्या राणीसाहेबांचे पाच तीळ होते. हातांवर तीन राजांचे उन्हाचे ठिपके होते, पाठीवर कोणा आत्याबाईंची पांढरी शिबं होती. ते काही दुखत नव्हतं, खाजत नव्हतं, त्याने कोणी मरतही नव्हतं. फक्त ते हौसाचं नव्हतं.

आणि हौसा दमली होती. एका रात्रीच्या झोपेने जाईल असा तो थकवा नव्हता. सकाळी डोळे उघडले की तो उशाशी आधीच बसलेला असे.

एके दिवशी सकाळी राणी हेमावतीने आरसा खाली ठेवला आणि विचारलं, "हौसा, हे काय?"

राणीच्या दोन्ही गालांवर, नाकाच्या दोन बाजूंना, तपकिरी छटा चढली होती. फुलपाखराने पंख पसरावेत तशी.

"वांग आहे, राणीसाहेब. युवराज झाल्यापासून येतोय. उन्हाने गडद झाला. दुखत नाही तो."

"दुखतो का, असं मी विचारलं का?"

"नाही."

"तुझ्या अंगावर जागा किती उरली आहे?"

हौसाने पदर सरकवून डाव्या कानामागची जागा दाखवली. "एवढीच. बोटभर."

"आणि हा दोन गालांभर आहे."

"होय."

लेपकरणीची कातडी भरली की वाटी तिच्या लेकीकडे जायची, ही रीत दोघींनाही ठाऊक होती. "तुझी मुलगी केवढी झाली?" राणीने विचारलं.

"गजरा सोळाची झाली."

"मग मुखदर्शनाला लेप तीच लावेल."

तीस वर्षांत हौसाने राजवाड्यात काही मागितलं नव्हतं. त्या दिवशी मागितलं. "राणीसाहेब, मुखदर्शनाला सात दिवस आहेत. ते मला द्या. त्या सकाळपर्यंत मी परतले नाही, तर गजरा वाटी घेईल."

"दिले," राणी म्हणाली.

घरी येऊन हौसाने लेकीला सगळं सांगितलं. गजरा चुलीपुढे भाकरी थापत होती. तिच्या अंगावर एकच खूण होती, नाकाच्या शेंड्यावर एक तीळ, आणि त्या तिळावर ती फार खूश होती.

"घेते की मी वाटी," ती म्हणाली. "त्यात काय एवढं? तुझ्याकडे बघून मला सवय झालीय."

"माझ्याकडे बघायची सवय झालीय तुला. आरशात बघायची नाही."

"आणि तू जाणार कुठे? चालायला गुडघे आहेत का तुला?"

"दोन आहेत. एक दुखतो."

"मग मी येते."

"तू इथेच थांब. मी आले नाही तर तुला राजवाड्यात जावं लागेल." एवढं बोलून हौसाने चार भाकऱ्या फडक्यात बांधल्या, गाठोडं डोक्यावर घेतलं आणि निघाली. वाटी करणाऱ्याला गाठायचं होतं, पण तो कुठे राहतो हे तिला माहीत नव्हतं. पण बसून राहिली असती तर तिला झोप लागली असती.

वेशीवरच्या बाभळीवर एक होला बसला होता. मानेवर काळी पट्टी, पट्टीवर पांढरे ठिपके. तो म्हणाला, "बाई, इतके ठिपके आमच्या सगळ्या खानदानात मिळून नसतील."

पक्षी बोलतो याचं हौसाला नवल वाटलं नाही. नवल वाटायलाही थोडी ताकद लागते. "उडून जा," ती म्हणाली.

"उडायचा कंटाळा आलाय. तू कुठे निघालीस?"

"राजवाड्यातली दगडी वाटी ज्याने केली, त्याच्याकडे."

"म्हणजे सोमनाग मांत्रिकाकडे. दोन डोंगर ओलांडले की त्याचं घर. माझी पणजी त्याच्या परसात राहायची. त्याने तिला बोलायला शिकवलं, ते आमच्या घराण्यात राहिलं. उपयोग काही नाही, पण राहिलं." होला उडून तिच्या गाठोड्यावर येऊन बसला. "चल, वाट दाखवतो."

"वाट दाखवणारा पुढे असतो."

"मी वरून दाखवतो. तुला माझं ओझं होतंय का?"

"होतंय."

"थोडंच होत असेल," होला म्हणाला आणि तिथेच राहिला.

दोन दिवसांनी ते मांत्रिकाच्या घरी पोहोचले. सोमनाग मांत्रिक ओसरीवर झोपाळ्यावर बसला होता. तीनशे वर्षांचा, वाळलेल्या शेंगेसारखा. वैशाखाच्या उन्हातही त्याने मानेला उपरणं घट्ट गुंडाळलं होतं.

हौसाने नमस्कार केला. "माझ्यानंतर वाटी माझ्या लेकीच्या हाती जायला नको. वाटीचा शाप उतरवा."

"तीन कामं करावी लागतील."

"ठाऊक आहे," हौसा म्हणाली. "तीनच असतात."

"पहिलं काम. त्या तळ्यातून कळशीभर पाणी आण."

तळं घराच्या मागे होतं, आणि ते हसणारं तळं होतं. जो कोणी वाकून पाहील त्याचं प्रतिबिंब दाखवून ते त्याची टर उडवायचं. चिडून भांडायला जो आणखी वाकला, तो आत जायचा. कितीतरी राजपुत्र असे आत गेले होते.

हौसा वाकली. तळं खदखदून हसलं. "ही कोण? पावसाने फुगलेली भिंत?"

"हो," हौसा म्हणाली.

"अंगावर रांगोळी सांडली वाटतं!"

"हो."

"आरसा बघून घाबरतेस की आरसाच तुला घाबरतो?"

"कधी मी, कधी तो." हौसा काठावर बसली आणि तिने दोन्ही पाय पाण्यात सोडले. पाणी गार होतं. गुडघ्याला बरं वाटलं. "बोल अजून, मला घाई नाही," ती म्हणाली.

तळ्याने आणखी दोन-तीन टोमणे मारले, पण ते पहिल्यासारखे जमले नाहीत. शेवटी ते म्हणालं, "तुला हसण्यात काही मजा नाही. भर तुझी कळशी आणि जा." हौसाने कळशी भरली. पाय मात्र आणखी थोडा वेळ पाण्यातच ठेवले.

दुसरं काम. मांत्रिकाने सुपारीएवढा चंद्रकांत दगड तिच्यापुढे ठेवला. "हा सहाणेवर इतका बारीक उगाळ, की भुकटी कोळ्याच्या जाळ्यावर टाकली तरी जाळं हलू नये."

हौसाने सहाणेपुढे मांडी घातली. दुपार झाली, उन्हं कलली. दगड झिजत होता आणि हौसाचे डोळे मिटत होते. मग जे झालं ते होल्याने नंतर सगळ्यांना सांगितलं. हौसा झोपली. मान खाली, तोंड उघडं, गाढ झोपली. पण हात चालूच राहिले. तीस वर्षांत त्या हातांना तिची गरज उरली नव्हती. ती जागी झाली तेव्हा दगड संपला होता आणि सहाणेवर चांदण्यासारखी भुकटी होती. मांत्रिकाने चिमूटभर जाळ्यावर टाकली. जाळं हललं नाही. कोळ्याला कळलंसुद्धा नाही.

तिसऱ्या कामाच्या वेळी मांत्रिकाने झोपाळा पायाने थांबवला. मग त्याने सावकाश मानेचं उपरणं सोडलं आणि हलक्या आवाजात विचारलं, "ही खूण कोणाच्या शापाची, सांग. इथे आलेल्या प्रत्येकाला मी हे विचारलं. कोणी म्हणालं उत्तरेच्या चेटकिणीचा शाप, कोणी म्हणालं यमाचं बोट. एकाचंही उत्तर मला पटलं नाही."

हौसा जवळ गेली. रोज राणीचं मुख बघायची तशी तिने ती मान उजेडाकडे वळवून बघितली. बोटाने चाचपलं.

"दुखतं?"

"नाही."

"रक्त येतं?"

"नाही."

"वाढतंय?"

"दोनशे वर्षं एवढंच आहे."

"चामखीळ आहे," हौसा म्हणाली. "कोणाचा शाप नाही. वय झालं की मानेला येतात. उपरण्याने घासते म्हणून लाल झालीय. उपरणं सोडा."

मांत्रिकाने तिच्याकडे पाहिलं. "एवढंच?"

"एवढंच."

"दोनशे वर्षं मी मृत्यूची वाट बघतोय."

"उगाच बघितलीत," होला गाठोड्यावरून म्हणाला.

मांत्रिक हसला नाही, रडलाही नाही. त्याने उपरण्याची घडी करून ते बाजूला ठेवलं आणि मानेला वारा लागू दिला. मग तो म्हणाला, "बाई, पाणी तू आणलंस, भुकटी तू केलीस, त्यात मी मंत्र घालतो. ऐक. पहिल्या राजाने मला डाग घालवणारी वाटी मागितली. मी म्हणालो, डाग नाहीसा होत नाही, दुसऱ्याकडे जातो. तो म्हणाला, जाऊ दे. कोणाकडे, ते त्याने विचारलं नाही. मग मी मंत्र असा घातला, की लेप जी आधी स्वतःवर लावून बघेल, डाग तिच्याकडे जाईल. तुम्हा लेपकरणींची मनगटं मला सोयीची वाटली."

"आणि आता?"

"ही भुकटी वाटीत घालून या पाण्याने कालव. लेप आधी राणीच्या मनगटाला लागला पाहिजे, आणि तिने तो हात स्वतःहून पुढे केला पाहिजे. मग वाटी फुटेल आणि ज्याचे डाग त्याच्याकडे जातील. बळजबरी चालणार नाही. तो आधी तुझ्या मनगटाला लागला, तर तुझ्या अंगावरचे डाग वाटीत उतरून तिथेच अडकतील, आणि राणीने हात पुढे करेपर्यंत वाटी फुटणार नाही."

हौसाने भुकटीची पुडी कमरेला खोचली, पाणी चंबूत भरून घेतलं आणि परत निघाली. वाटेत होला पुन्हा पुन्हा विचारत राहिला, "आधी कोणाचं मनगट?"

"राणीचं."

थोड्या वेळाने पुन्हा, "कोणाचं?"

"राणीचं. गप्प बस आता."

सातव्या दिवशी सकाळी ती डोक्यावर होल्यासकट गाठोडं घेऊन राजवाड्यात शिरली तेव्हा नगाऱ्याचा पहिला ठोका पडत होता. सज्जामागच्या दालनात राणी आरशापुढे बसली होती आणि तिच्यासमोर गजरा दगडी वाटी हातात घेऊन उभी होती. वाटी अजून कोरडी होती, गजरा दाराकडे आईची वाट बघत होती. हौसाने वाटी तिच्या हातातून काढून घेतली.

"आई! आलीस! किती वाळलीस गं!"

"खाली जा. लोकांत जाऊन उभी राहा. इथे थांबू नकोस." गजरा गेली. हौसा राणीला म्हणाली, "राणीसाहेब, उपाय आणलाय. फक्त तुमचं मनगट लागेल."

"आधी लेप तर कर," राणी म्हणाली. "ठोका पडला, ऐकू नाही आला?"

हौसाने भुकटी वाटीत सोडली, पाणी घातलं. चार दिवस चालून तिचे पाय सुजले होते. दोन रात्री ती झोपली नव्हती. अनामिकेने तिने लेप कालवला, गुठळी राहिली नाही ना ते पाहिलं, आणि पहाटे-पहाटे तीस वर्षं करत आली तसंच, न बघता, बोट आपल्या मनगटावर टेकवलं.

"अगं, अगं, अगं!" होला ओरडला.

हौसाने बोट उचललं. उशीर झाला होता. तिच्या हातावरचे ठिपके हलले. मनगटावरून, दंडावरून, मानेवरून, पाठीवरून, कपाळावरून डाग निघाले आणि वारुळाकडे परतणाऱ्या मुंग्यांसारखे रांगेने वाटीत उतरले. चामखिळी उतरल्या, तीळ उतरले, शिबं उतरली. वाटी काठोकाठ काळ्या पाण्याने भरली. हौसाने आरशात पाहिलं. आरशात एक बाई होती. कोरी, गुळगुळीत, न लिहिलेल्या पाटीसारखी.

राणी पुढे वाकून तिच्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "उत्तम. तुझी कातडी रिकामी झाली. म्हणजे आणखी तीस वर्षं लेप तूच लावशील. मुलीला कशाला त्रास?"

हौसाने पुढची तीस वर्षं मनात मांडून पाहिली, एकेक पहाट. गजरा सुटली होती, हे खरं होतं. तेवढ्यासाठीच तर ती गेली होती. पण वाटी अजून फुटली नव्हती.

"राणीसाहेब, तुमचा हात पुढे करा," तिने एकदा म्हणून पाहिलं. "स्वतःहून करा."

"नेहमीचा लेप कालव," राणी म्हणाली.

दुसरा ठोका पडला. नेहमीच्या लेपाला चंदन उगाळायला हवं होतं, मसूर चाळायला हवी होती. तेवढा वेळ नव्हता, आणि नगारा थांबवता येत नव्हता. राणी गादीवर जाऊन बसली, हौसा रीतीप्रमाणे वाटी घेऊन तिच्यामागे उभी राहिली. तिसरा ठोका पडला. पडदा ओढणाऱ्याला फक्त ठोका ऐकायचा असतो, मागे काय चाललंय ते बघायचं नसतं. पडदा वर गेला.

"निर्मळ मुख कोणाचं?" भालदाराने विचारलं.

कोणी ओरडलं नाही. सगळं अंगण राणीच्या गालांकडे बघत होतं. हौसा गर्दीत गजराला शोधत होती, आणि तिला ती दिसली, पहिल्या रांगेत. गजराही टाचा उंचावून आईला शोधत होती. तिची नजर सज्जात फिरली, हौसाच्या तोंडावर आली आणि न थांबता पुढे गेली. मग पुन्हा मागे आली. गजराने हात वर केला आणि मोठ्याने म्हणाली, "त्या मागच्या बाईचं!"

"कोणती बाई? कोण आहे ती?" लोक विचारू लागले.

"मला नाही ठाऊक," गजरा म्हणाली. "पण तिचं मुख निर्मळ आहे."

कायदा तो कायदा. भालदार मागे वळला, राणीपुढे वाकला आणि म्हणाला, "राणीसाहेब, उठावं लागेल." राणी उठली. भालदार हौसापुढे वाकला. "बसावं."

हौसा बसली. गादी मऊ होती, आणि मागे तक्क्या होता. त्या गादीमागे ती तीस वर्षं उभी राहिली होती, पण तिची पाठ आज प्रथमच कशालातरी टेकली. दोन श्वास तिने काही केलं नाही, नुसती टेकून राहिली. मग तिने बाजूला पाहिलं. राणी हेमावती उभी होती. तिला उभं राहायची सवय नव्हती, एका पायावरचा भार ती दुसऱ्यावर घेत होती.

"मला हाकलणार का?" राणीने हळू विचारलं.

"नाही. मला इथे बसायचं नाही, राणीसाहेब. मला घरी जायचंय. पण बसले आहे तोवर माझा शब्द चालतो ना?"

"चालतो."

"भालदार, सांगा," हौसा म्हणाली. "डागाचा कायदा मोडला. यापुढे गादीवर बसायला कातडी कशीही चालेल."

भालदाराने सांगितलं. अंगणात एकच गलका झाला. हौसा राणीकडे वळली. "आता गादी तुमची, तुमच्या मुखासकट. हात पुढे करायचा हुकूम मला तुम्हाला देता येत नाही. मांत्रिकाची अट आहे. पण सांगते. खाली पहिल्या रांगेत माझी लेक उभी आहे. तिने मला ओळखलं नाही. माझं तोंड या वाटीत आहे, तुमच्या सगळ्यांच्या तोंडांबरोबर कालवलेलं. ते मला परत हवंय."

राणी वाटीतल्या काळ्या पाण्याकडे बघत राहिली. "यात माझं किती आहे?"

"सोळा वर्षांचं."

"दुखलं का तुला कधी?"

"डाग दुखत नाहीत, राणीसाहेब. उभं राहणं दुखतं."

राणीने आपल्या पायांकडे पाहिलं. मग तिने दालनाच्या आतल्या पाळण्याकडे पाहिलं. आतमध्ये सहा महिन्यांचा युवराज झोपला होता, आणि त्याच्या कपाळावर जन्मापासून जांभळं लासं होतं. ते राणीने आजवर टोपड्याखाली लपवलं होतं. "त्याच्यासाठी तुझी मुलगी लागेल, असं मी धरून चालले होते," ती म्हणाली. "तिचं नाव काय म्हणालीस?"

"गजरा."

राणीने बांगड्या मागे सारल्या आणि हात पुढे केला. "लाव."

हौसाने अनामिका बुडवली आणि राणीच्या मनगटाला लेप लावला. वाटी कडकन दुभंगली. काळं पाणी खाली सांडलं नाही, वर उडालं, आणि डाग आपापल्या घरी निघाले. राणीचे तीळ राणीकडे गेले, उन्हाचे ठिपके तिच्या हातांवर बसले, आणि वांग तर तिच्या गालांवर होताच. जे मेले होते त्यांचे डाग दालनातल्या तसबिरींवर जाऊन बसले. आधीच्या महाराजांच्या कपाळावर चामखीळ आली. थोरल्या राणीसाहेबांच्या हनुवटीवर पाच तीळ आले, आणि खरं सांगायचं तर त्या जरा बऱ्या दिसू लागल्या. सगळ्यांत शेवटी थोडेसे डाग हवेत उरले. ते घुटमळले, वळले आणि हौसाच्या गालांवर येऊन बसले. तो एक फिकट वांग होता. गजरा पोटात असताना तो तिला आला होता, आणि बाकीच्यांच्या डागांखाली कुठेतरी दबून गेला होता. सोळा वर्षांत तिला तो एकदाही दिसला नव्हता.

हौसा गादीवरून उठली. राणी बसली. भालदाराला काय विचारायचं ते कळेना, म्हणून त्याने नेहमीचंच विचारलं, "निर्मळ मुख कोणाचं?"

लोकांनी आधी एकमेकांकडे बघितलं. एका म्हाताऱ्याने आपल्या गालावरचा मस चाचपला. मग कोणीतरी म्हणालं, "कोणाचंच नाही!" आणि हसू पसरत गेलं, सज्जापर्यंत पोहोचलं. राणी हेमावती हसली नाही, पण तिने मुखावर पदरही घेतला नाही. राज्याचा कारभार तिथून पुढे नीट चालला.

"अगं बाई! ती तर आईच!" गजरा खालून ओरडली आणि लोकांना ढकलत जिन्याकडे धावली. वर येऊन तिने हौसाचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि उजेडाकडे वळवलं. "हा वांग कोणाचा गं?"

"माझा," हौसा म्हणाली.

राणीने विचारलं, "हौसा, काय देऊ तुला?"

"काही नको. जाऊ दे फक्त."

गजराने तिला हाताला धरून घरी नेलं. होला गाठोड्यावर बसायला आला, पण गाठोडं राजवाड्यातच राहिलं होतं, तेव्हा तो कुरकुरत उडाला. हौसा अंथरुणावर पडली, आणि पडली ती तीन दिवस उठली नाही. उठली तेव्हा उन्हं कलली होती. गजरा उंबऱ्याशी बसून वाल सोलत होती.

"किती वेळ झोपले गं मी?"

"तीन दिवस."

"अगं बाई! मग पहाटे राजवाड्यात कोण..." हौसा धडपडत अर्धी उठली. मग तिच्या ध्यानात आलं, की आता पहाटे कुठेच जायचं नव्हतं. आजही नाही, उद्याही नाही. ती पुन्हा सावकाश आडवी झाली, पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं, आणि डोळे मिटूनच म्हणाली, "गजरे, मला उठवू नकोस. दारात राणीसाहेब स्वतः आल्या, तरी त्यांना म्हणावं, की आमची आई आत्ताच जरा...

थांबा हं, मलाच घरातून हाक आली. आले! हो, आले, आले!